यंत्राची वही आणि माणसाचा शब्द



महिनाअखेर घरचा जमाखर्च लिहितांना दोन रुपयांचा मेळ बसत नाहीं, हा अनुभव आपणांपैकीं बहुतेकांस असेल. हातांत शिल्लक एक, आणि वही सांगते दुसरीच. मग शोध सुरू होतो. दूधवाल्याचे पैसे दोनदां लिहिले काय? मुलानें वह्यांसाठीं नेलेले पैसे टिपावयाचे राहिले काय? शेवटीं कोठेंतरी एखादी विसरलेली बाब सांपडते आणि मेळ बसतो. ह्या सगळ्या शोधांत एक गोष्ट आपण मनाशीं गृहीत धरलेली असते. ती ही कीं, चूक आपली आहे, वहीची नाहीं. वही निर्जीव, तिच्यांत जें लिहावें तेंच ती दाखविणार.

परंतु वहीच स्वतः लिहूं लागली तर? लिहिणारा हात यंत्राचा असला, मागचीं पानें आपल्याला उलटतां येत नसलीं, आणि रोज संध्याकाळीं "तुमच्याकडे इतके पैसे कमी आहेत, ते भरा" एवढेंच ती वही सांगूं लागली, तर चूक कोणाची समजावयाची? हा प्रश्न केवळ कल्पनेंतला नाहीं. ब्रिटनमधील शेंकडों प्रामाणिक माणसांपुढें तो वर्षानुवर्षें उभा होता, आणि त्याचें चुकीचें उत्तर दिलें गेल्यामुळें त्यांतील कित्येकांस तुरुंग पाहावा लागला. त्या प्रकरणाची हकीकत, आणि त्याच्या मुळाशीं असलेलें हिशेबाचें कोडें, मी आज आपणांस सांगणार आहें.

ब्रिटनमधील पोस्टाची रचना प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. त्या काळीं मोठ्या शहरांतील कांहीं मोठीं पोस्टें सोडलीं, तर बाकीचीं बहुतेक पोस्टें खाजगी व्यक्ति चालवीत. त्यांस सब-पोस्टमास्तर म्हणतात. हे लोक पोस्टाचे पगारी नोकर नव्हेत; पोस्टाशीं करार करून काम घेतलेले व्यावसायिक होत. खेड्यांतलें किराण्याचें किंवा वर्तमानपत्रांचें दुकान, त्याच्याच एका कोपऱ्यांत पोस्टाची खिडकी, आणि पुष्कळदां वरच्या मजल्यावर कुटुंबाचें बिऱ्हाड, असा हा संसार असतो. तिकिटें, पाकिटें, वृद्धांचें पेन्शन, बचतीचा भरणा, सारें त्या एका खिडकींतून चालतें. त्यामुळें पोस्टमास्तर हा गांवांतला विश्वासाचा माणूस. कित्येकांनीं जन्माची पुंजी घालून असें दुकान घेतलेलें असतें.

जुन्या काळीं ह्या पोस्टांचा हिशेब कागदावर होत असे. आठवड्यांतून एकदां, बुधवारीं संध्याकाळीं, खिडकी बंद झाल्यावर गल्ल्यांतील नोटा, नाणीं आणि तिकिटें मोजावयाचीं व तीं वहीशीं ताडून पाहावयाचीं. तूट निघाली तर मागचीं पानें उलटून चूक शोधतां येई. कारण प्रत्येक व्यवहार आपल्याच हातचा लिहिलेला असे. १९९९ सालापासून ही पद्धति बदलली. आय. सी. एल. नांवाच्या कंपनीनें तयार केलेली 'होरायझन', म्हणजे क्षितिज, ह्या नांवाची संगणक-व्यवस्था पोस्टांत बसविण्यास प्रारंभ झाला. ही कंपनी त्या वेळीं जपानच्या फुजित्सू कंपनीच्या मालकीची होती, आणि पुढें तिचें नांवही तेंच झालें. दोन-तीन वर्षांत ही व्यवस्था देशभरच्या हजारों पोस्टांत पोहोंचली. खिडकीवर पडदा आला, बटणें आलीं, बेरीज-वजाबाकीचे श्रम गेले. आरंभीं पुष्कळांस हायसें वाटलें.

परंतु लौकरच निरनिराळ्या गांवांतून एकाच स्वरूपाची तक्रार निघूं लागली. गल्ला मोजावा तर एक रक्कम, आणि यंत्र सांगे त्याहून मोठी. म्हणजे हिशेबीं पोस्टमास्तरांकडे तूट. हॅंपशायर परगण्यांतील साउथ वॉर्नबरो ह्या खेड्यांत श्रीमती जो हॅमिल्टन ह्या दुकान व पोस्ट चालवीत असत. एके दिवशीं त्यांच्या यंत्रानें सुमारें २,००० पौंडांची तूट दाखविली. त्यांनीं पोस्टाच्या मदत-केंद्रास टेलिफोन केला. पलीकडून ज्या सूचना आल्या त्याप्रमाणें त्यांनीं बटणें दाबलीं, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ती तूट २,००० ची ४,००० पौंड झाली. गल्ल्यांतील पैसे जागचे हलले नव्हते. मधल्या वेळांत कोणी गिऱ्हाईक आलें नव्हतें. आंकडा मात्र दुप्पट झाला होता.

अशा वेळीं करार काय म्हणे तें पाहा. पोस्टमास्तरांच्या हयगयीमुळें, निष्काळजीपणामुळें किंवा चुकीमुळें जी तूट येईल ती त्यांनीं भरून द्यावी, असें करारांत कलम होतें. पोस्टखात्यानें त्याचा अर्थ असा चालविला कीं, तूट दिसली म्हणजे ती पोस्टमास्तरांचीच. शिवाय मेळ बसल्याचें जाहीर केल्याविना पुढील मुदतीचा हिशेब यंत्र उघडूं देत नसे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पेन्शनसाठीं म्हाताऱ्याकोताऱ्यांची रांग लागणार. खिडकी तर उघडली पाहिजे. मग बहुतेकांस दोनच वाटा दिसत. पदरचे पैसे घालून तूट भरावयाची, किंवा गल्ल्यांत नसलेले पैसे आहेत असें यंत्रास सांगून वेळ निभावून न्यावयाची. पहिल्या वाटेनें घरें गहाण पडलीं, नातलगांकडून कर्जें झालीं. दुसरी वाट ही कायद्याच्या दृष्टीनें खोटा हिशेब लिहिण्याचा गुन्हा होती. आणि मदत-केंद्राकडून कित्येकांस उत्तर मिळे तें हें कीं, अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच आहांत.

आतां कोणी विचारील कीं, बेरीज हा तर संगणकाचा हातखंडा. मग तो चुकतो कसा? ह्याचें उत्तर समजून घेण्यासारखें आहे. संगणक बेरीज चुकत नव्हता. चूक बेरजेच्या आधींच झालेली असे. खिडकीवर बटण दाबलें जातें आणि हिशेबांत नोंद पडते, ह्या दोहोंमध्यें बराच प्रवास असतो. नोंद एका यंत्रावरून शेजारच्या यंत्रावर जाते, तेथून तारेच्या द्वारें दूरच्या केंद्रांत जाते. मध्येंच तार तुटते, यंत्र अडतें, उत्तर येण्यास उशीर झाला म्हणून माणूस तेंच बटण पुन्हां दाबतो. असें कांहींही झालें तरी नोंद एकदां झालीच पाहिजे, आणि एकदांच झाली पाहिजे, अशी तजवीज आधीं विचार करून ठेवावी लागते. जेथें ही तजवीज तोकडी पडते तेथें एकच नोंद दोनदां होते किंवा अजिबात नाहींशी होते. मग दोनदां झालेल्या त्या नोंदीची बेरीज संगणक अगदीं बिनचूक करून दाखवितो! अशा दोषास यंत्रज्ञ लोक 'बग', म्हणजे किडा, म्हणतात. होरायझनमध्यें असे पुष्कळ किडे होते. त्यांतील तिघांची ओळख करून घेऊं.

पहिला किडा स्कॉटलंडांतील फॉलकर्क गांवच्या कॅलेंडर स्क्वेअर नामक पोस्टावरून ओळखला जातो. एका पोस्टांत दोन-तीन खिडक्या असल्या कीं प्रत्येकीवर निराळें यंत्र असे, आणि ह्या यंत्रांनीं आपापल्या नोंदी एकमेकांस कळवाव्या अशी योजना होती. कधीं कधीं त्यांतील एक यंत्र अडून बसे आणि दुसऱ्याकडून येणारा निरोप त्यास कळत नसे. एका खिडकीचे पैसे दुसऱ्या खिडकीकडे हलविले, आणि त्याची नोंद एका यंत्रावर झाली. पण दुसऱ्या यंत्रास तिचा पत्ताच नाहीं. कारकुनास वाटे, नोंद झालीच नाहीं. तो ती पुन्हां करी. पैसे हलले एकदां, कागदोपत्रीं मात्र दोनदां. हा दोष २००० पासून २००६ पर्यंत व्यवस्थेंत राहिला.

दुसरा किडा स्कॉटलंडांतल्याच डॅलमेलिंग्टनचा. तेथील पोस्टमास्तरीणबाईंस २०१५ च्या ऑक्टोबरांत ८,००० पौंडांची थैली एका फिरत्या शाखेच्या हिशेबीं जमा करावयाची होती. त्यांनीं नोंद करून बटण दाबलें. परंतु पडदा बदलेना, तीच पाटी समोर राहिली. कोणीही करील तेंच त्यांनीं केलें. बटण पुन्हां दाबलें. यंत्रानें प्रत्येक वेळीं तीच थैली नव्यानें जमा करून घेतली. चार वेळां मिळून ३२,००० पौंड जमा झाले, आणि थैली तर एकच. म्हणजे २४,००० पौंडांची तूट! चौकशी केल्यावर असें आढळून आलें कीं, मागील पांच वर्षांत ८८ शाखांत मिळून हा प्रकार ११२ वेळां झाला होता. पांच वर्षें तो व्यवस्थेंत होता, आणि कोणी एकानें नेमका बोट ठेवून दाखवीपर्यंत तो कोणाच्या ध्यानांत आला नव्हता.

तिसरा किडा सर्वांत चमत्कारिक. ज्यांनीं पेढीवर काम केलें आहे त्यांस उचंत खातें ठाऊक असेल. ज्या रकमेचा उलगडा झाला नाहीं ती तात्पुरती ज्यांत टाकून ठेवितात तें हें खातें. होरायझनच्या उचंत खात्यांतील २०१० च्या सुमाराच्या कांहीं जुन्या नोंदी पुसल्या जावयाच्या, त्या चुकून तशाच राहिल्या. त्या वर्षभर निपचित पडून राहात, आणि पुढील वर्षीं त्याच मुदतीचा हिशेब आला कीं पुन्हां जाग्या होत. १४ शाखांच्या हिशेबांत हीं भुतें शिरलीं. एका शाखेस त्यामुळें ९,७९९ पौंड ८८ पेन्सांची तूट आली. वर्षापूर्वीं आलेली तीच रक्कम, पैशापैशाशीं जुळणारी, पुन्हां उभी राहिलेली पाहून ज्यांनीं तक्रार केली, त्यांच्यामुळें हा दोष उघडकीस आला. एका शाखेंतला एकच आंकडा पाहून हें कोडें कधींच सुटलें नसतें. दोन वर्षांचे आंकडे शेजारीं शेजारीं ठेवावे लागले.

हीं तीन उदाहरणें एकत्र पाहिलीं म्हणजे हें रहस्य इतका काळ रहस्यच कां राहिलें तें कळतें. हे दोष रोज घडत नसत. हजार वेळां यंत्र नीट चाले, आणि हजार एकाव्या वेळीं, विशिष्ट क्रमानें विशिष्ट गोष्टी जुळून आल्या तरच, चुके. "आमच्या समोर चुकवून दाखवा" असें म्हटलें तर तें चुकत नसे. दुसरें असें कीं, व्यवस्थेच्या आंतील तपशीलवार नोंदी पोस्टमास्तरांस दिसत नसत. त्यांच्या हातीं येई तो फक्त शेवटचा आंकडा. पूर्ण नोंदी कंपनीच्या ताब्यांत असत, आणि माहीत झालेल्या दोषांची एक यादीही कंपनीच्याच दप्तरीं होती. इतकेंच नव्हे, तर कंपनीचे लोक दूरच्या केंद्रांत बसून एखाद्या शाखेच्या हिशेबांत, त्या पोस्टमास्तरांच्या नकळत, नोंदी घालूं शकत. असें होऊं शकतें ही गोष्ट पोस्टखातें कित्येक वर्षें नाकारीत राहिलें. म्हणजे ज्या घरांत चोरी झाली असें म्हणावयाचें, त्या घराची दुसरी किल्ली भलत्याच हातीं होती, आणि आरोपीस तिची वार्ताही नव्हती.

आणि तिसरें कारण मनुष्यस्वभावाचें. प्रत्येक तक्रारदार आपापल्या गांवीं एकटा होता. त्याच्या तक्रारीची गांठ दुसऱ्याच्या तक्रारीशीं पडत नव्हती. ज्यांच्याकडे सर्व तक्रारी येत त्यांनीं त्या एकत्र मांडून पाहिल्या नाहींत.

परिणाम भयंकर झाले. यॉर्कशायरमधील ब्रिडलिंग्टन येथील ली कॅसलटन ह्यांनीं २००४ च्या आरंभींच्या कांहीं महिन्यांत मदत-केंद्रास नव्वदाहून अधिक वेळां टेलिफोन केला. सुमारें २५,००० पौंडांच्या तुटीसाठीं पोस्टखात्यानें त्यांच्यावर दिवाणी दावा लावला. वकील करण्याचें सामर्थ्य नसल्यामुळें त्यांनीं स्वतःच आपली बाजू मांडली. २००७ सालीं निकाल विरुद्ध गेला, आणि सुमारें ३,२१,००० पौंडांचा दाव्याचा खर्च त्यांच्या माथीं बसून त्यांचें दिवाळें वाजलें. श्रीमती हॅमिल्टन ह्यांच्यावर ३६,००० पौंडांच्या चोरीचा आरोप आला. चोरीचा आरोप मागें घेण्याच्या बोलीवर त्यांनीं खोट्या हिशेबाचा गुन्हा कबूल केला. गांवकऱ्यांचा मात्र त्यांच्यावर विश्वास होता. त्यांनीं वर्गणी करून पैसे उभे केले.

सीमा मिश्रा ह्या भारतीय वंशाच्या बाई सरे परगण्यांतील वेस्ट बायफ्लीट येथें पोस्ट चालवीत. ७४,००० पौंड चोरल्याचा आरोप त्यांनीं शेवटपर्यंत नाकारला. २०१० च्या नोव्हेंबरांत त्यांस १५ महिन्यांची कैद झाली. त्या वेळीं त्या गरोदर होत्या, आणि तो दिवस त्यांच्या मुलाच्या दहाव्या वाढदिवसाचा होता. ह्या खटल्याच्या बाबतींत एक गोष्ट पुढें बाहेर आली, ती फार बोलकी आहे. त्याच वर्षीं होरायझनमध्यें आणखी एक दोष सांपडला होता. सुमारें ६० शाखांत खिडकीवरचा आंकडा आणि केंद्रांतला आंकडा जुळत नव्हता. त्या दोषाचा अहवाल खटला उभा राहण्याच्या अगोदर थोडे दिवस पोस्टखात्याच्या कायदेविभागाकडे पोहोंचला होता. बचावपक्षास तो मिळाला नाहीं.

आपण म्हणाल, न्यायालयें होतीं ना? येथेंच ह्या प्रकरणाचा गाभा आहे. इंग्लंडांत १९८४ च्या फौजदारी पुराव्याच्या कायद्यांत ६९ वें कलम असें होतें कीं, संगणकाचा कागद पुराव्यांत आणावयाचा तर तो संगणक त्या वेळीं नीट चालत होता हें आणणारानें दाखवावें. हें कलम व्यवहारास अडचणीचें होतें असें मानून तें रद्द करण्यांत आलें, आणि २००० सालापासून तें उरलें नाहीं. मग राहिलें तें जुनें गृहीत तत्त्व: उलट दाखविलें जात नाहीं तोंवर यंत्र नीट चालत होतें असें समजावें. घड्याळ किंवा तराजू ह्यांच्यापुरतें हें तत्त्व ठीक आहे. तराजूंत खोट असली तर ती दुसऱ्या तराजूनें कळते. परंतु देशभर पसरलेल्या हजारों यंत्रांच्या जाळ्यास तेंच तत्त्व लावलें, तेव्हां खेड्यांतल्या दुकानदारावर असा बोजा पडला कीं, जीं कागदपत्रें त्यानें कधीं पाहिलीं नाहींत त्यांतला दोष त्यानें दाखवावा. त्यांतच इंग्लंड व वेल्समध्यें पोस्टखात्यास स्वतःच फिर्यादी होऊन खटले चालविण्याची मुभा होती. ज्याचा पैसा गेला असें म्हणणें, ज्याचें यंत्र, चौकशी करणारे ज्याचे, फिर्यादीही तोच! १९९९ पासून २०१५ पर्यंत ९०० हून अधिक लोकांस अशा पुराव्यावर दोषी ठरविण्यांत आलें. त्यांतील सुमारें ७०० खटले स्वतः पोस्टखात्यानें चालविले होते.

हें कोडें सुटलें तें कोण्या मोठ्या यंत्रज्ञामुळें नव्हे. उत्तर वेल्समधील लॅंडडनोजवळच्या क्रेग-इ-डॉन येथील ॲलन बेट्स नांवाच्या सब-पोस्टमास्तरांच्या यंत्रानें २००० च्या अखेरीस ६,००० पौंडांहून अधिक तूट दाखविली. त्यांनीं नोंदी चाळून त्यांतील बऱ्याचशा रकमेचा उलगडा स्वतः केला, आणि उरलेल्या रकमेविषयीं एक साधी भूमिका घेतली: ज्या हिशेबाच्या मुळाशीं मला जातां येत नाहीं, त्यावर मी माझी जबाबदारी कबूल करणार नाहीं. पोस्टखात्यानें २००३ सालीं त्यांचा करार संपविला. बेट्स स्वस्थ बसले नाहींत. २००९ च्या मे महिन्यांत 'कॉम्प्युटर वीकली' ह्या पत्रानें बेट्स, कॅसलटन, हॅमिल्टन इत्यादि सात पोस्टमास्तरांच्या हकीकती एकत्र छापल्या. त्याच वर्षीं फेनी कॉम्प्टन नांवाच्या खेड्यांतील सभागृहांत हीं माणसें प्रथमच एकमेकांस भेटलीं. "तुम्ही एकटेच आहांत" हें वाक्य खोटें आहे, हें त्या दिवशीं त्यांस प्रत्यक्ष दिसलें. मला वाटतें, ह्या सर्व शोधांतला खरा निर्णायक प्रयोग तोच होय.

पुढें ५५५ जणांनीं मिळून दावा लावला. १६ डिसेंबर २०१९ रोजीं न्यायमूर्ति फ्रेझर ह्यांनीं निकाल दिला. त्यांत जुनी होरायझन व्यवस्था मुळींच भरंवशाची नव्हती, आणि तिच्यांतील किड्यांमुळें शाखांच्या हिशेबांत तुटी आल्या, असें त्यांनीं ठरविलें. पोस्टखात्याचा व्यवस्थेवरील विश्वास म्हणजे पृथ्वी सपाट आहे असें धरून बसण्याचाच एकविसाव्या शतकांतला प्रकार आहे, अशा अर्थाचा शेराही त्यांनीं मारला. २३ एप्रिल २०२१ रोजीं अपील-न्यायालयानें एकाच दिवशीं ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या. त्यांत श्रीमती हॅमिल्टन व श्रीमती मिश्रा ह्या होत्या. २०२४ च्या जानेवारींत ह्या प्रकरणावरील नाटक दूरचित्रवाणीवर दाखविलें गेलें आणि सारा देश हळहळला. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत पार्लमेंटनें कायदाच करून शेंकडों लोकांचे दोषनिर्णय सरसकट रद्द केले. २०२५ च्या मध्यापर्यंत नुकसानभरपाई एक अब्ज पौंडांच्या वर गेली. परंतु जुलै २०२५ मध्यें चौकशी-आयोगाचे अध्यक्ष सर विन विल्यम्स ह्यांनीं आपल्या अहवालाच्या पहिल्या खंडांत नमूद केलें कीं, ह्या प्रकरणापायीं तेरा व्यक्तींनीं आत्महत्या केली असण्याचा खराखुरा संभव आहे. त्यांची भरपाई कोण करणार?

आपल्या देशाच्या दृष्टीनें ह्यांतून घेण्याजोगें काय? आपल्याकडे २००० सालच्या माहिती-तंत्रज्ञान कायद्यानें पुराव्याच्या जुन्या कायद्यांत ६५-ब हें कलम घातलें. त्याअन्वयें संगणकांतील नोंदीची प्रत पुराव्यांत देतांना, तें यंत्र त्या काळांत नीट चालत होतें इत्यादि गोष्टींचा लेखी दाखला जोडावा लागे. आपल्या जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादांत २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा दाखला आवश्यक असल्याचें पुन्हां स्पष्ट केलें. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम अमलांत आला. त्याच्या ६३ व्या कलमांत ही अट कायम असून तज्ज्ञाची सहीही मागितली आहे. ही सावधगिरी चांगलीच. तथापि यंत्र नीट चालत होतें असें लिहून देणारा मनुष्य पुष्कळदां यंत्राच्या मालकाच्याच बाजूचा असतो, हें विसरून चालणार नाहीं. दाखला हा उलटतपासणीचा आरंभ असावा, शेवट नसावा.

आणि न्यायालयाच्या बाहेरही हा प्रश्न रोजचा आहे. बॅंकेचें खातें, विजेचें बिल, रेशनच्या दुकानांतला अंगठा, घरबसल्या टेलिफोनवरून होणारी पैशांची देवघेव, सर्वत्र आतां यंत्राचीच वही आहे. तिच्यामुळें काम सोपें झालें आहे आणि बहुतेक वेळां ती खरेंच सांगते. तिला टाकून द्यावें असें म्हणणें वेडेपणाचें होईल. परंतु "यंत्रांत असें दिसतें" हें वाक्य कानीं पडलें कीं आपण दोन प्रश्न विचारावे. हा आंकडा कोणकोणत्या नोंदींवरून आला तें मला दाखवाल काय? आणि हीच तक्रार आणखी कोणी केली आहे काय? पावती जपून ठेवणें, तारीख-वार टिपून ठेवणें ही आपल्या आजीआजोबांची संवय जुनाट म्हणून सोडूं नये. क्रेग-इ-डॉनच्या पोस्टमास्तरांस तिचाच उपयोग झाला.

खिडकीच्या अलीकडे उभे राहणारांस मी हें सांगितलें. पलीकडे बसणारेही आपणांपैकींच आहेत. कोणी बॅंकेंत आहेत, कोणी कचेरींत. त्यांस एवढीच विनंति कीं, एखादा साधा मनुष्य समोर येऊन "पैसे मीं घेतले नाहींत, यंत्र चुकत आहे" असें म्हणाला, तर त्याचें म्हणणें खोटें ठरविण्यापूर्वीं मागचीं पानें एकदां उलटून पाहावीं. त्याला तीं उलटतां येत नाहींत, आपल्याला येतात.